रीलसाठी पाटल्या मोडू का?

डोंबिवलीत राहणाऱ्या एका आईंचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा २१ वर्षांचा, उजव्या हाताचा फलंदाज, तिसऱ्या क्रमांकावर खेळतो. नऊ वर्षांचा असल्यापासून पहाटेच्या लोकलने माटुंग्याला सरावाला जातो. गेल्या मोसमात क्लबकडून त्याने दोन शतकं आणि चार अर्धशतकं केली, तरी शहरातल्या एका टी-२० लीगच्या लिलावात त्याच्यावर बोली लागली नाही. त्याच्याच क्लबमधल्या, त्याच्यापेक्षा कमी धावा केलेल्या एका मुलाला मात्र संघ मिळाला. त्या मुलाचे इन्स्टाग्रामवर १ लाख ८० हजार फॉलोअर आहेत. आता एका एजन्सीने ‘प्लेअर ब्रँडिंग’ करून देतो म्हणून महिना ३५ हजार रुपये मागितले आहेत, करार किमान सहा महिन्यांचा. केस रंगवायचे, शूट करायचं, आठवड्याला पाच रील टाकायची. मुलगा म्हणतो, “खेळ कोण बघतं आई? दिसणं खपतं.” आईंकडे सासूबाईंनी दिलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत. त्या मोडू का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

पाटल्या मोडू नका. उत्तर आधीच सांगून टाकते, कारण पत्र वाचताना वाटलं की तुम्ही सोनाराकडे निघालातच आहात. आता बाकीचं निवांत बोलू.

तुम्ही लिहिलंय की तो निघाला की त्याची किटबॅग नाक्यावर वळेपर्यंत तुम्ही गॅलरीत उभ्या असता. ही मुलं पुढे गाडीत कशी जातात ते मी पाहिलंय. मैदानावरचं क्रिकेट लिहायला मी बरीच वर्षं पहाटेच्या गाड्या पकडल्या. मालडब्यात मासळीच्या टोपल्या, भाजीची पोती, आणि त्यांच्यामध्ये किटबॅग उभी धरून, तिच्यावरच डोकं टेकून झोपलेलं एखादं बारा वर्षांचं पोर. ठाणं गेलं, घाटकोपर गेलं तरी जागं होत नाही, आणि दादर आलं की कुणी न उठवता उठतं. तुमचं पोर त्यांतलंच एक असणार. म्हणून त्याच्या रागाला मी वेडेपणा म्हणणार नाही. ‘खेळ कोण बघतं’ हे त्याचं वाक्य अर्धं खरं आहे. आधी ते खरं असलेलं अर्धं बघू.

खेळाबाहेरच्या गोष्टींवरून खेळाडूची निवड ठरणं हे काही मोबाइलने आणलेलं नाही. मरीन ड्राइव्हवर ज्या हिंदू, इस्लाम आणि पारशी जिमखान्यांच्या कुंपणाशेजारून आपण चालतो, त्या जिमखान्यांच्या काळात मुंबईतली सगळ्यात मोठी स्पर्धा धर्मावर वाटलेल्या संघांमध्ये व्हायची. प्रेक्षकही तसेच वाटलेले. त्या काळात पळवणकर बाळू नावाचे डावखुरे फिरकी गोलंदाज होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण चांभार समाजात जन्मले म्हणून पुण्याच्या मैदानावर त्यांना चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडू त्यांच्या हातचा चालायचा, कप चालायचा नाही. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं. बाळूंचं नाव मी मुद्दाम घेतलं. गुण असला की सगळं आपोआप मिळतं असं तुमच्या मुलाला कुणी सांगत असेल, तर त्याने ते ऐकू नये. या शहराचा इतिहास तसा नाही.

अलीकडचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये आयपीएल सुरू झालं तेव्हा पाच संघांना ‘आयकॉन’ खेळाडू दिले होते. मुंबईला सचिन, कोलकात्याला सौरव गांगुली, बंगळूरला राहुल द्रविड, दिल्लीला सेहवाग, पंजाबला युवराज. त्यांचा लिलाव झालाच नाही. संघातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूपेक्षा पंधरा टक्के जास्त मानधन त्यांना आपोआप मिळणार होतं. मुंबईकराला वानखेडेवर सचिनच दिसला पाहिजे, हे चक्क नियमात लिहिलेलं होतं. मला त्यात गैर काही वाटत नाही. माणूस तिकीट काढतो ते सरासरी बघायला नाही, आपला माणूस बघायला. पण ते पाचही जण मैदानात नाव कमावून तिथे पोहोचले होते. प्रेक्षकांचं प्रेम आधी आणि खेळ मागाहून, असा क्रम त्यांच्यापैकी एकाचाही नव्हता.

आता मुलाच्या वाक्याचं दुसरं अर्धं.

मुंबईचा फलंदाज सर्फराज खान याचं उदाहरण त्याला नीट सांगा, कारण ते दोन्ही बाजूंनी बोलतं. २०१९-२०च्या रणजी मोसमात सर्फराजने ९२८ धावा केल्या आणि २०२१-२२ मध्ये ९८२. एवढ्या धावा करूनही कसोटी संघात त्याचं नाव येईना. त्याच्या अंगकाठीवरून चर्चा चालायची, तेव्हा सुनील गावसकरांनी २०२३ मध्ये जाहीरपणे निवड समितीचे कान धरले होते. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला त्याला टोपी मिळाली आणि त्याने ६२ आणि नाबाद ६८ केल्या. म्हणजे दिसण्याने वाट अडते, हे तुमच्या मुलाचं म्हणणं खरं. पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध त्याने १५० धावा केल्या. घरोघरी त्याचं नाव झालं, फॉलोअर आले, वडिलांसोबतचे त्याचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. आणि नोव्हेंबरमध्ये आयपीएलच्या मोठ्या लिलावात त्याच्यावर एकाही संघाने बोली लावली नाही. प्रसिद्धीने संघ मिळत असता, तर त्या दिवशी त्याला नक्की मिळाला असता. वीस षटकांच्या खेळात आपल्याला हवा तो माणूस हा आहे का, एवढाच प्रश्न संघांपुढे होता.

इथून मी तुमच्या पत्रातल्या काही गृहीतकांकडे वळते. रागावू नका.

‘दोन शतकं आणि चार अर्धशतकं’ याला तुम्ही कामगिरी म्हणता. ती आहेच. पण संघ निवडणारा माणूस बेरीज करत नाही, तो संघातली रिकामी जागा बघत असतो. मुंबईत उजव्या हाताचे वरच्या फळीतले फलंदाज ढिगाने आहेत. शिवाजी पार्कवर रविवारी दगड मारलात तर अशा एखाद्यालाच लागेल. २०२५च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने विग्नेश पुथुर या केरळच्या मुलाला खेळवलं. रिक्षाचालकाचा मुलगा, तोपर्यंत केरळच्या वरिष्ठ संघाकडून एकही सामना खेळलेला नाही, घेतला ३० लाखांच्या मूळ किमतीला. चेन्नईविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने तीन बळी घेतले आणि त्यातला एक ऋतुराज गायकवाडचा होता. त्याच्याकडे धावांचा डोंगर नव्हता, फॉलोअर नव्हते, वशिला नव्हता. तो डाव्या हाताने मनगटी फिरकी टाकतो आणि तशी टाकणारी मुलं देशात फार थोडी आहेत. कागदावर त्याच्याहून सरस गोलंदाज त्या दिवशी घरी बसून सामना बघत असतील. त्यांच्यावर अन्याय झाला असं म्हणायचं का? मला नाही वाटत.

कधी कधी तर जागाच नसते, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. मुंबईचे फलंदाज अमोल मुजुमदार यांनी रणजी पदार्पणात २६० धावा केल्या आणि प्रथम श्रेणीत ११,१६७. भारताकडून एकही सामना नाही, कारण मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण उभे होते. डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचे ५८९ बळी, पण त्याच जागेवर तशीच गोलंदाजी टाकणारे बिशनसिंग बेदी. या दोघांना रील बनवून देणारं कुणी असतं तर काय फरक पडला असता, हे मुलालाच विचारा.

आता त्या दुसऱ्या मुलाबद्दल. तुमचं पत्र सहा पानी आहे. त्यात त्याच्या फॉलोअरचा आकडा तीनदा आलाय, त्याच्या केसांचा रंग एकदा, आणि त्याच्या खेळाबद्दल एकच वाक्य: ‘धावा कमी’. तो गोलंदाजी टाकतो का? यष्टीमागे उभा राहतो का? सहाव्या क्रमांकावर येऊन दहा चेंडूंत पंचवीस करतो का? सीमारेषेवर किती धावा वाचवतो? हे तुम्हाला ठाऊक नसेल तर फॉलोअरमुळेच निवडला असं आपण कशाच्या जोरावर म्हणतोय? दक्षिण कोरियाचा पार्क जी-सुंग २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला तेव्हा हा आशियात जर्सी खपवायला आणलाय, असं बरेच जण म्हणाले होते. तो तिथे सात मोसम टिकला आणि चार वेळा लीग जिंकणाऱ्या संघात होता. जर्सी खपल्याही असतील, पण सात मोसम नुसत्या जर्सीवर कुणी ठेवून घेत नाही.

तुमचा संशय मी साफ खोडून काढत नाहीये. इथे दोन प्रकारच्या लीगमध्ये फरक करायला हवा. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. संघांना त्यातला वाटा मिळतो. त्या पैशापुढे एका नवख्या पोराचे लाख-दीड लाख फॉलोअर कुणाच्या खिजगणतीत नसतात. शहरातल्या छोट्या लीगचं गणित वेगळं असतं. तिथे मालकाला स्थानिक प्रायोजक शोधावा लागतो, स्टँड भरावे लागतात. सोळावा-सतरावा खेळाडू निवडताना दोन मुलं सारखीच वाटली, तर ज्याची हवा आहे त्याच्याकडे काटा झुकू शकतो. असं होतं, आणि ते मला आवडत नाही. पण झुकतो तो शेवटच्या दोन जागांसाठी. असा मुलगा बहुतेक वेळा मोसमभर पाण्याच्या बाटल्या वाहतो. तुमच्या मुलाने त्या जागेसाठी २ लाख १० हजार रुपये मोजावेत, असं मला अजिबात वाटत नाही.

आणि प्रेक्षकांचं प्रेम विकत घेता येतं ही एजन्सीची मूळ कल्पनाच कच्ची आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर जे झालं ते आठवा. मुंबई इंडियन्समध्ये रोहितच्या जागी हार्दिक पंड्या कर्णधार झाला होता. जाहिराती, चेहरा, शैली, कशाचीच कमी नव्हती. नाणेफेकीला तो उतरला आणि त्याच्या स्वतःच्या संघाचं मैदान त्याची हुर्यो उडवू लागलं. सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना आवरावं लागलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आपली मुंबई अशी वागली हे पटलं नाही. मग २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक त्याच्या हातात आलं. सोळा धावा वाचवायच्या होत्या, त्याने वाचवल्या. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्याच वानखेडेवर तेच लोक ‘हार्दिक, हार्दिक’ ओरडत होते. एप्रिल आणि जुलैच्या मध्ये त्याने केस बदलले नव्हते, ताई.

मुलगा भारतीय महिला संघातल्या जेमिमा रॉड्रिग्जचं उदाहरण देईल, देऊ दे. वांद्र्याची ही पोरगी गिटार वाजवते, नाचते, व्हिडिओ टाकते, लोकांना ती त्यासाठीही आवडते. २०२२च्या विश्वचषक संघातून तिला वगळलं तेव्हा ते व्हिडिओ काही तिच्या मदतीला आले नाहीत. २०२५च्या विश्वचषकातही इंग्लंडविरुद्ध तिला बाहेर बसवलं. त्यानंतर ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना ती नाबाद १२७ खेळली. तिच्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार, वर सांगितलेले तेच. तिचे व्हिडिओ तिच्या स्वभावातून आलेले आहेत. तुमच्या मुलाला कॅमेऱ्यासमोर मजा येत असेल तर त्याने जरूर टाकावेत, त्याच्या फोनवरून, फुकटात. येत नसेल तर कुणी केस रंगवून देऊन ती येणार नाही.

मग करायचं काय?

कॅमेरा वापराच, पण वेगळ्या कामासाठी. सात-आठशे रुपयांचा ट्रायपॉड घ्या आणि सामन्यात गोलंदाजाच्या मागून, साइटस्क्रीनच्या बाजूने फोन लावा. त्याचा पूर्ण डाव टिपा, नुसते षटकार नाही. नेटमध्ये बाजूनेही टिपा. संघासाठी नवे खेळाडू हेरणाऱ्या स्काउटला संगीत लावलेले बारा षटकार बघून काही कळत नाही. चांगल्या फिरकीसमोर पाय कुठे जातो, आखूड चेंडूला डोकं कुठे असतं, एक-एक धाव काढता येते का, हे त्याला बघायचं असतं. सोबत एका पानावर जन्मतारीख, क्लब, कुठल्या मैदानावर कुणाविरुद्ध किती चेंडूंत किती, एवढं मांडा. कांगा लीगमध्ये, म्हणजे मुंबईतल्या पावसाळी स्पर्धेत, पावसाने भिजलेल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर केलेल्या चाळीस धावांची किंमत या शहरातल्या प्रत्येक जुन्या सिलेक्टरला कळते. त्या लिहायला लाजू नका.

दुसरं कसब हवंच. ऑफस्पिनची दोन षटकं, यष्टिरक्षण, नाहीतर पॉइंटला उभा राहून वीस धावा वाचवणं. टी-२० संघात शेवटच्या जागा याच गोष्टींवर भरतात. तंदुरुस्तीची चाचणी आधी स्वतःच देऊन बघावी. अंगकाठीवरून बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं तर ते धावण्याच्या वेळेने देता येतं.

एजन्सीला एकच प्रश्न विचारा: तुमच्या रीलमुळे कुठल्या संघाने कुठल्या मुलाला ट्रायलला बोलावलं, त्या मुलाशी आमचं बोलणं करून द्याल का? उत्तर गोलमोल आलं तर विषय संपला. हे पत्र वाचणाऱ्या इतर पालकांनाही सांगते, ट्रायलसाठी, लिलावाच्या यादीत नाव घालण्यासाठी किंवा ‘कोट्यातल्या जागेसाठी’ कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतोय. ज्या मुलांनी अजून भारताकडून खेळलेलं नाही, त्यांची नावं आयपीएलच्या लिलावात राज्य संघटनेमार्फत जातात. कुण्या मधल्या माणसाच्या व्हॉट्सॲपवरून नाही. पैसे मागितल्याचा मेसेज जपून ठेवा आणि संघटनेकडे लेखी तक्रार करा. तोंडी बोललेलं हवेत जातं.

घरातल्या बोलण्याचंही सांगते. ‘बघा, त्याला घेतलं आणि आपल्याला नाही’ हे वाक्य जेवताना रोज निघत असेल तर ते बंद करा. माझ्या पाहण्यात एक मुलगा होता, आझाद मैदानावर खेळायचा. निवड झाली नाही की त्याचे वडील तंबूमागे उभे राहून निवडलेल्या प्रत्येक पोराच्या बापाची ओळख कुठपर्यंत आहे ते मोठ्याने मोजायचे. मुलगा पॅड सोडत ऐकत असायचा. दोन मोसमांनी तो स्वतः बाद झाला की पंचाकडे बघायचा, स्टंपकडे बघायचा, स्वतःच्या बॅटकडे बघायचाच नाही. त्यांचा संशय कदाचित खराही असेल. पण मुलाचा खेळ त्या संशयानेच खाल्ला.

शिक्षण सुटू देऊ नका. पूर्वी रेल्वे, बँका, तेल कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या आणि कंपन्यांच्या संघांमधल्या टाइम्स शिल्ड स्पर्धेच्या जोरावर या शहरातल्या कित्येक क्रिकेटपटूंची घरं उभी राहिली. तशा जागा आता फार कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यांनाही शिक्षण लागतं. अजून दोन मोसम पूर्ण जीव लावून खेळायचं आणि मग पुन्हा बसून बोलायचं, एवढं आत्ताच ठरवून ठेवा. तोवर पाटल्या कपाटात राहू द्या. कधी त्याला दुखापतीवर चांगले उपचार लागले तर उपयोगी पडतील.

आणि या आठवड्यात एक काम. गेल्या मोसमात तो किती वेळा बाद झाला, प्रत्येक वेळी कुणाच्या चेंडूवर, कुठल्या षटकात, कसा, हे त्याने वहीत उतरवावं. मग ती वही घेऊन सरावानंतर त्याच्या सरांना गाठावं. ‘मला का घेतलं नाही’ असं विचारायचं नाही. ‘सर, टी-२० मध्ये मी कुठल्या जागेवर बसतो, आणि त्या जागेसाठी माझ्यात काय कमी आहे?’ असं विचारायचं. त्याने एकट्याने जावं. तुम्ही त्या दिवशी डोंबिवलीतच थांबा.